पंचावन्नच्या आत

किशोर गटाचे सामने सकाळी नऊला लावतात.
पाहुणे, फेटे, निवेदकाचा घसा,
ते सगळं संध्याकाळी, दिवे लागल्यावर.
नऊला घणसोलीच्या मैदानात असतो
मातीवर पाणी मारणारा नाना कोटकर,
भाड्याच्या खुर्च्या उतरवणारा टेम्पो,
दोन कुत्री,
आणि वही घेऊन मी.

एकतीस वर्षं तुर्भ्याच्या बाजारात मापाडी होतो.
गोणी काट्यावर चढायच्या आधीच सांगायचो,
बावन्न, वर दोनशे ग्रॅम.
चुकायचो नाही.
निदान कांद्यात नाही.

शाळेच्या व्हरांड्यात वजनं चालू आहेत.
चड्डीवर उभी पोरं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
साईराज कोंढाळकर, रांगेत सातवा.
काल दुपारपासून पाण्याचा घोट नाही,
पहाटे दोन स्वेटर घालून राबाड्यापर्यंत धावून आला,
तरी पंचावन्न-एकशेवीस.
करदोटा सोडला. थुंकून आला.
मग कुणीतरी न्हाव्याला उठवून आणलं.
केस गेले तेव्हा पोरगं हसत होतं,
कान एवढे मोठे आहेत हे त्यालाही नवीन होतं.
पंचावन्न. बरोब्बर.
याचा बाप माझ्याच काट्यावर गोण्या आणायचा.
त्याला विचारा पंचावन्न म्हणजे किती,
म्हणेल, एक गोणी आणि वर पाच किलो.

वहीत लिहितो:
निशांत मढवी, डावा कोपरा. घोटा धरला की सुटका नाही,
पण धरायची घाई. लग्नात पहिल्या पंगतीला बसणाऱ्यासारखी.
मल्लू राठोड बोनसला पाय टाकतो
तळ्यात टाकावा तसा, पाणी न हलवता.
तळवली नाक्याजवळच्या बांधकामावर राहतो. इमारत झाली की जाईल.
(पुढच्या वर्षी कुठे शोधायचा?)
साईराजपुढे लिहिलं, हा जाणार.
खाली दोनदा रेघ ओढली.

अशी दुहेरी रेघ मी याआधी एकदाच ओढलीय.
हरेश्वर चौगुले, सोळा वर्षांपूर्वी, याच मैदानात.
तोही जाणारच होता.
राज्याच्या शिबिरापर्यंत गेला,
मग गुडघा आडवा आला.
आता टेम्पो त्याचाच आहे. खुर्च्याही.

चार चार खुर्च्यांची चळत घेऊन तो लंगडत रेषेपाशी येतो,
उतरवत नाही, तशीच धरून
साईराजची एक चढाई बघतो.
"काका, तो टकल्या."
"बघतोय."
"वळायच्या आधी उजवी टाच उचलतो. आता धरतील."

पुढच्याच चढाईत धरला.
मढवीनंच. घोट्यात.
दम तुटायच्या आधी पोरगं मातीत पालथं,
नव्या टकलावर लाल मातीचा शिक्का.

एकतीस वर्षं काटा वाचला मी,
टाच वाचली नाही.

"माझं पान आहे का हो अजून?"
हरेश्वर खुर्च्यांमागून विचारतो.
ते आहे. घरी, कपाटात, नॅप्थलीनच्या वासात,
रेघेची शाई थोडी फुटलेली.
"त्या पुराच्या वर्षी गेली रे ती वही," मी म्हणालो.
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि खुर्च्या मांडायला गेला,
पहिली रांग पाहुण्यांची, पांढरी कव्हरं घालून.

मध्यंतरात तो रिकाम्या हातांनी परत आला,
साईराजला बाजूला घेतला, चांगला पाय टेकून
दुखऱ्या पायाची टाच उचलून दाखवली,
मग न उचलता वळून दाखवलं.
जवळजवळ पडलाच.
पोरगं हसलं नाही.

सामना हरले, चार गुणांनी.
शेवटच्या चढाईत टाच
जमिनीला चिकटून होती की नव्हती,
उन्हामुळे नीट दिसलं नाही.

आता साईराज पाणी पितोय,
बाटली उलटी करून, डोळे मिटून.
मग केळी. एक, दुसरं, तिसरं.
पंचावन्न-सातशे झाला असेल.
काटा केव्हाच शाळेच्या कपाटात गेला.
मी पेन्सिल कानामागे खोचली
आणि आकडा लिहायचा राहू दिला.