बारा वीसची पाठवणी

जेल रोडवर शटर अर्धं ओढलेलं.
आत मी, एक पंखा, आणि शेवगावकरांचं लग्न:
नऊ हजार तीनशे बारा फोटो, तीन कॅमेरे,
नावं सगळ्यांची सारखी,
डीएससी, खाली रेघ, पुढे आकडा.
हाताने लावायचे तर दिवाळी उजाडेल.

म्हणून सात ओळी लिहिल्या.
शिकलो होतो नव्व्याण्णव साली,
गुमाश्ता नगरात, एका गच्चीवरच्या क्लासात.
निम्मी मुलं तिथून अमेरिकेला गेली,
मी कॅमेऱ्याकडे.

ओळी साध्याच.
फोल्डरमधल्या प्रत्येकाला हात लाव,
वेळ विचार, वेळेचंच नाव ठेव,
पुढच्याला बोलाव. संपले की डन.
पंगतीत वाढप्याला याहून जास्त काय सांगतात?
पान बघ, वाढ, पुढे सरक.

पहिल्याच फेरीत हळद अडकली.
'शाल्मली हळद' असं कुणी लिहून ठेवलेलं,
मधे मोकळी जागा.
मशीन त्या जागेपाशी नाव मोडतं.
म्हणालं, शाल्मली नावाची कुणी नाही,
हळद नावाचं काही नाही.
तेव्हा आठवलं:
नाव घ्यायचं तर अवतरणात घ्यावं,
दोन्हीकडून धरून,
उखाण्यात घेतात तसं.
घेतलं. चाललं.

सगळे वेळेप्रमाणे रांगेला लागले
आणि मी चहा पुढे ओढला.
साडेअकरा, मुंडावळ्या.
बारा, गौरीहर.
बारा वीस, पाठवणी.
शाल्मली गाडीच्या दाराशी, आईच्या खांद्यात तोंड,
मामा खिडकीतून नारळ देतोय.
बारा एकवीस, अंतरपाट दूर,
आणि केसांत अक्षता घेऊन ती हसतेय,
जणू जाऊन, सासर बघून, परत आलीय.
ठीक आहे म्हणत. चालेल.

पाठवणीला एकटा निसारच होता,
बाकीचे दोघे तेव्हा कुठे जेवायला बसलेले.
नवा मुलगा, जुना कॅमेरा,
आधीचा मालक लंडनचा.
फोन केला तर म्हणाला,
"भिया, त्यात घड्याळ पण असतं?"

एकोणीस हजार आठशे सेकंद.
तेवढे मिळवायचे, फक्त निसारच्या फोटोंत.
एक अधिकचं चिन्ह लिहिलं
आणि पाठवणी पाच पन्नासवर सरकली.
आईला मुलगी
साडेपाच तास जास्त मिळाली.

उरलं काळे फोटो काढणं.
अंधारात टिपलेली फाइल वजनानेही हलकी,
एक एमबीखालचं सगळं पुसायचं, बस.
पण आरएम विचारत नाही.
त्याच्या घरी कचरापेटी नाही,
'थांब' त्याला ऐकू येत नाही.
म्हणून आधी त्याच्यापुढे इको लिहायचं:
काय करणार आहेस ते नुसतं म्हणून दाखव.
त्याने एकसष्ट नावं म्हणून दाखवली.
सवयीनं एक उघडलं.

आदली संध्याकाळ, सीमांतपूजन,
रामबागेतल्या हॉलची वीज गेलेली.
जनरेटर लागेपर्यंतची चार मिनिटं
निसारनं बोट थांबवलंच नाही.
एका फोटोत काही नाही, फक्त बांगडीची एक रेघ.
एकात मोबाइलच्या उजेडात आचारी जिलब्या मोजतोय.
एकात नवरा-नवरी,
अजून पुरती ओळख नसलेले,
मिठाईच्या खोक्याच्या झाकणानं
आळीपाळीनं वारा घेताहेत.

आरएम खोडलं. एमव्ही लिहिलं.
नवं फोल्डर, 'वीज गेली तेव्हा',
मधल्या दोन्ही मोकळ्या जागा
अवतरणात धरून.
एंटरवर कालच्या पोह्यांचं जिरावण अजून होतं.
दाबलं.

अल्बममध्ये यातला एकही जाणार नाही.
शेवगावकर बाई म्हणतील, काळे कशाला पाठवलेत हो.

बाहेर कचऱ्याची गाडी गाणं लावून आली,
ओला वेगळा, सुका वेगळा.
शटर वर केलं.
द्यायला माझ्याकडे
चहाचे चार कागदी कप, एवढंच.