डावा खांदा

प्रतापनगरच्या रेल्वे वसाहतीमागं,
जिथं छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला यायचे,
त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता दोरांचा चौक आहे.
मी गुरुवारी जाते.
वही, कोळशाच्या तीन कांड्या,
गुडघ्याला पट्टा.

पहिल्या दिवशी नटुभाईंनी विचारलं,
तुम्ही कुणाच्या आई?
म्हटलं, कुणाचीच नाही. चित्रं काढते.
त्यांनी एक स्टूल पुसून दिलं
आणि वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही.

त्याआधी एकवीस वर्षं मी खुर्च्या रंगवल्या.
खुर्चीत बँकेचे अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त,
एका गिरणीमालकाचे तिन्ही जावई,
सगळे हात मांडीवर ठेवून.
कोटाच्या आत शरीर असतं
ही तेव्हा निव्वळ ऐकीव गोष्ट.

दलसुख राठवा, वय बावीस, त्रेसष्ट किलो.
पाठ उघडी. मणक्याच्या पन्हळीतून घाम
कमरेच्या दोन खळग्यांपाशी थांबतो,
विचार करून खाली उतरतो.
फासळ्यांवर तो करवतीच्या दातांचा स्नायू.
कॉलेजात प्लास्टरच्या पुतळ्यावर मी तो
लॅटिन नावासकट पाठ केला होता.
इथं तो श्वास घेतो.
नाव आठवेस्तोवर फेरी संपते.

कातडीला एक रंग नसतोच.
डोळ्याखालचा मार पहिल्या दिवशी जांभळा,
मग शिळ्या चहासारखा,
पुढच्या गुरुवारी कच्च्या कैरीच्या सालीचा.
मी म्हणून गेले, आज तुझा गाल फार सुंदर आहे.
तो हसला नाही. ओठाला टाके होते.
लाज वाटली. वाटली, पण
घरी येऊन दिवा लावून
तो हिरवा मी नेमका मिसळला.

चित्र पूर्ण झालं असं वाटलं, तेव्हा
रिक्षात आडवं धरून शेडवर नेलं.
पोरं सेव-उसळ खात गोळा झाली.
कुणी म्हणालं, फोटोच.
दलसुख हातांच्या पट्ट्या सोडत उभा राहिला,
बराच वेळ.
मग म्हणाला, बेन, आ खभो खोटो छे.

गुजरातीत खोटं म्हणजे चुकलेलं.
मराठीत खोटं म्हणजे खोटं.
मला दोन्ही लागलं.

खांदा बरोबर आहे, मी म्हटलं.
हाड बघ, सांधा बघ, मापं घेतलीत.
माप बरोबर असेल, तो म्हणाला,
पण इथं ठेवला तर मी झोपलो.
आणि त्यानं दाखवलं:
हनुवटी आत, डावा खांदा तिच्यापुढं उचललेला,
जसं कुणी वाऱ्यात काडी पेटवताना
तळहात आडवा धरतं.

मग मलाच चौकात घेतलं.
नटुभाई ओरडले, अरे, वय बघ त्यांचं.
दलसुखनं ग्लोव्ह माझ्या बरगडीला लावला, मारला नाही,
अर्धवट उघडं दार लोटावं इतकंच लोटलं.
हवा गेली.
पत्र्याची खडखड गेली, पोरांचा गलका गेला.
अठ्ठावन्न वर्षं या फासळ्या माझ्यापाशी होत्या,
हजारदा काढल्या मी दुसऱ्यांच्या,
कधी ओळख झाली नव्हती.

घरी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली.
खांदा निघून आला चिंधीवर,
चार महिन्यांचं काम, तपकिरी डाग.
पुन्हा लावला. पुसला. पुन्हा.
अकराव्यांदा तो वर आला, आपला आपण,
आणि मी ब्रश ठेवला. चेहरा राहिलाय अजून,
नुसता मातकट अंबर आहे तिथं.

दलसुखला वलसाडला गँगमन म्हणून घेतलं.
जाताना पाया पडायला वाकला
तर मी आधी त्याची मान पाहिली.

काल शेडवर गेले होते.
नवा मुलगा आलाय, पंड्या नावाचा, डावखुरा.
सगळं उलटं उभं राहतं त्याचं.
कुशीवर वळले की बरगडी अजून दुखते.
वहीचं पान उलटलं,
स्टूल दुसऱ्या बाजूला नेलं.