रिकामा काटा

वजनकाटे विकणाऱ्या बाईला
तोलायला कुणी शिकवू नये,
पण गेला महिनाभर
माझीच दांडी हलत होती.

व्होलोसच्या बंदरामागे आमचं दुकान.
बाप, थ्रासीवुलोस, मासळीबाजाराला काटे पुरवायचा,
म्हणायचा, कोळी वजन सांगेल
त्यातलं पाणी आधी निथळू द्यावं.
आता मासळीवाले दिवे लागणारे स्वस्त काटे घेतात,
आणि मुलगा थेसालोनिकीहून फोनवर सांगतो,
आई, जाहिरात कर. एखादी भरवशाची एजन्सी बघ.
भरवशाची म्हणजे कशी, हे सांगायच्या आत
त्याचा दुसरा फोन येतो.

अथेन्सहून दोघे आले, टोकदार बुटांचे.
दुकानाला 'ब्रँड' म्हणाले तेव्हा
मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.
भिंतीवर आलेख पाडला :
नुसती चढण, उतार औषधालाही नाही.
मी पेलिओनच्या पायथ्याशी जन्मले.
उतार नसलेला डोंगर
मला दाखवू नये कुणी.
"तीन महिन्यांत दुप्पट."
काय दुप्पट?
"पोच," तो म्हणाला.
मला पोच म्हणजे पावती ठाऊक,
आणि तीच तेवढी द्यायला ते तयार नव्हते.
पारड्याखाली मेणाने चिकटवलेला पासंग
मी बोटाने ओळखते.
इथे बोट फिरवायला पारडंच सापडेना.

मग कालिरोई आली, सायकलवरून,
एका पायाला ग्रीसचा डाग.
औषधाच्या दुकानावर त्यांची खोली,
माणसं दोन, ही आणि एक चित्रं काढणारा.
तिने काही उघडून दाखवलं नाही. विचारलं,
वर्षाला किती काटे दुरुस्तीला परत येतात?
दुकानाचा फोन कोण उचलतं?
"मी," मी म्हटलं.
"काल तीन वाजता मी केला होता."
दुपारी दोन ते पाच मी झोपते.
अख्खं व्होलोस झोपतं.
पण खोटं बोलले होते, ते खरं.

जाताना तिने पाच गिऱ्हाइकांची नावं लिहून दिली,
आणि खाली, रेघ मारून, सहावं :
"हे आम्हाला सोडून गेले. यांनाही विचारा."

मी सहाव्यालाच आधी लावला.
लारिसाचा लिसांद्रोस, बेकरीवाला.
मागे कुणीतरी पत्रे आपटत होतं.
"माझे दोन महिन्यांचे पैसे बुडवले त्या बाईने," तो ओरडला.
"आणि हो, सांगायलाही तीच आली,
मला पत्ता लागायच्या आधी.
हिशोबाच्या कागदावर
स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात."
मग सोडलंत का?
"मेव्हण्याने एजन्सी काढली."
बरं चाललंय ना?
पत्रे थांबले.
"मेव्हणा फोन उचलत नाही."

रात्री दोन्ही करारनामे काट्यावर ठेवले, उगीच.
अथेन्सचा चारशे दहा ग्रॅम, गुळगुळीत.
तिचा दोन कागद, दहा ग्रॅम :
खाती माझ्या नावावर, किल्ल्या माझ्याकडे,
नको झालं तर महिनाभर आधी सांगायचं.
वजनाने काही ठरत नाही, मला कळतं.
बाप म्हणायचा, माल टाकण्याआधी
रिकामा काटा बघ, शून्यावर आहे का.
माणसाचा रिकामा काटा कुठला?
अजून त्याच्या पारड्यात आपण
एक पैसाही टाकलेला नसतो,
तेव्हा तो काय बोलतो, तोच असावा.
असावा, म्हणते आहे. शिक्का मारून देत नाही.

सही केली.
दर सोमवारी हिशोब मागते,
कालिरोई अजून रागावलेली नाही.
एखाद्या सोमवारी रागावली
तर त्या सोमवारचं त्या सोमवारी बघू.

दुपारी फोन आता उशाशी घेऊन झोपते.
काल वाजला, सव्वातीनला.
राँग नंबर होता, कुणाला तरी दंतवैद्य हवा होता.
उचलला मात्र
पहिल्या घंटेला.