कापूस लावायचा नाही

सहाला सलाईन कोमट करून घेते
आणि मंजुळा घोडामच्या पाठीवरची पट्टी भिजत ठेवते.
ओढायची नाही.
चिकटलेली जाळी आपणहून सुटेपर्यंत
मी तिच्या गावच्या गोष्टी विचारते,
ती दात आवळून उत्तरं देते,
कधी नुसताच हुंकार.

भाजलेल्या अंगाला कापूस लावायचा नाही,
तंतू जखमेत रुततात.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षी पाठ केलेलं हे वाक्य
मी तिला सहज सांगून गेले.
मान वळत नव्हती तिची, डोळे तेवढे वळले.
बारा हंगाम ती जिनिंगमध्ये कापूस निवडत होती,
कवडी वेगळी, पालापाचोळा वेगळा.
ठिणगी कुठून आली, कोणी सांगत नाही.
"गंजी आंधी आतून पेटते, सिस्टर,
वरून पांढरीच दिसते."

मग केळीची पानं.
शालिक ती दिग्रसकडच्या साळ्याच्या मळ्यातून आणतो,
मोटारसायकलच्या टाकीवर आडवी टाकून.
धुतो, शिरा काढतो, गुंडाळ्या करतो.
ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं
की अर्ध्या वॉर्डाला भाजी शिजल्याचा वास येतो
आणि पाच नंबरची म्हातारी जेवण मागते.
पान चिकटत नाही.
हिरवं, गुळगुळीत, उलटं अंथरलं की
मंजुळा पहिल्यांदा श्वास पूर्ण सोडते.

बाहेर सेहेचाळीस.
दारव्ह्याच्या स्टँडवर डांबर चपलेला लागतं,
आणि ही मच्छरदाणीत कुडकुडते.
कूलर बंद करा म्हणते.
बाकीच्या बाया चिडतात, पदरानं वारा घेतात, पण बंद करू देतात.
अंगावर कातडी नसली
की उन्हाळाही टिकत नाही माणसापाशी.

चार अंडी रोज, डॉक्टरांनी लिहून ठेवलीत.
मी महानुभाव घरची,
आमच्या चुलीवर अंडं कधी चढलं नाही.
पहिल्या दिवशी कवच नखात अडकलं,
घरी जाऊन तीनदा हात धुतले.
आता एका दमात सोलते,
मीठ लावते, घास भरवते, म्हणते, गिळ.
आई विचारते, हाताला कसला वास येतो गं?
औषधाचा, म्हणते.

सहा जणी आल्या होत्या त्या रात्री.
दोघींना नागपूरला हलवलं.
तिघींच्या खाटा मी स्वतः पुसल्या.
मंजुळा त्यांची नावं विचारत नाही,
मीही काढत नाही.
फक्त एकदा, पहाटेच्या इंजेक्शनला,
"सुभद्रेची जोडवी कोनापाशी गेली?" एवढंच.

हल्ली खाज सुटते.
"आगीपेक्षा हे वाईट हाये,
खाजवू द्या ना व एकडाव!"
खाजवायचं नाही. मी खोबरेल लावून
तळव्यानं हलके थोपटत बसते,
तान्ह्या लेकरासारखी.
खाज म्हणजे खाली काहीतरी उगवतंय,
हे तिला पटत नाही. रात्री तीनला मलाही नाही.

बोटं मात्र हट्टी.
आखडून आत वळत चाललेली.
मूठ कर, उघड. कर, उघड.
चेंडू दिला, तिनं सोडून दिला.
"हे काय पोट्ट्यायचं काम हाये?"
तर्जनी अंगठ्याला टेकेना.
पंधरा दिवस टेकली नाही.

आज शेजारच्या खाटेवरच्या पोरीला सुई द्यायची होती.
रुईचा गुंडाळा मंजुळाच्या टेबलावर राहिला,
मी वळून पाहते तो
तिनं त्यातली एक चिमूट उचललेली.
उजव्या हातानं. अंगठा आणि तर्जनी.
कपाळावर घाम,
डाव्या हाताच्या दोन बोटांत दुसरं टोक धरून
हळूहळू ओढते आहे, ताणून पाहते आहे,
जशी गाडी खाली होताना पहिली मूठ बघायची असते.

मी काही बोलले नाही.
शालिक ट्रे घेऊन दारातच थांबला.

धागा तुटला.
तिनं तोंड वाकडं केलं,
"आखूड हाये. कचऱ्यातला माल.
सिस्टर, तुमाले फसवलं कोनतरी."