पितळ थोरल्याला

अण्णांनी मृत्युपत्रात वाद्यांवर एकच ओळ खर्चली :
पितळ थोरल्याला, लाकूड धाकट्याला.
माझं नाव नव्हतं.
मी मोजदाद करायला होते.

उथळसरचा गाळा, शटर अर्धं वर.
वहीत मी दोन रकाने आखले.
तीन ट्रम्पेट, पोचे पडलेलं एक युफोनियम,
घशात कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता अडकलेला सुझाफोन :
दिगूदादा.
दोन क्लॅरिनेट, एक सनई, फुटकी :
लहू.
मग गोणपाटातून सॅक्सोफोन निघाला, पिवळाधमक,
आणि दोघांचे हात एकदम पुढे आले.

'पितळ आहे,' दिगूदादानं नखानं टणटण वाजवून दाखवलं.
जांभळी नाक्यावरचा मोडीचा भाव त्याला तोंडपाठ.
लहू गप्प.
त्याला तो वाजवता येतो, एवढाच त्याचा दावा,
आणि तोही त्यानं केला नाही.

शेवटी चरईतून बस्त्यावमामांना बोलावलं.
चाळीस वर्षं ह्याच वाद्यांचे पोचे काढलेले,
बोटांना लाखेचा आणि डाखाचा वास.
चहा नको म्हणाले, आणि प्याले.

'कशाचं घडलंय ते सोनारानं विचारावं.
आपण विचारायचं, आधी थरथरतं कोण?'

सॅक्सोफोनच्या चोचीवरून त्यांनी एक पत्ती सोडवली,
वेताची, नखाएवढी पातळ,
कधीतरी बोरूनं लिहायचे त्याच जातीची.
उजेडात धरली. कडेला अण्णांच्या दातांची खूण होती.
'ही थरथरते. बाकीचं अडीच किलो नुसतं हिचं ऐकून
मोठ्यानं सांगतं. लाकूड लिही.'

मग ट्रम्पेटची वाटी नुसतीच ओठांना लावली,
आणि घोड्यासारखं फुरफुरले.
'इथे पत्ती नाही. ओठ हीच पत्ती.'
दिगूदादा हसला नाही.
'आणि पोलीस बँडातली ती स्टीलची बासरी?'
'तिच्यात तर पत्तीही नाही नि ओठही नाही.
वारा काठावर आपटतो नि दुभंगतो. लाकूडच.'
'हे क्लॅरिनेट तर प्लॅस्टिकचं आहे!'
'लाकूड.'
'मग खरं लाकूड आहे कुठे, मामा?'
मामांनी गाळाभर नजर फिरवली.
'त्या स्टुलात.'

मी लिहिलं : सॅक्सोफोन, नग एक, लाकूड.
दिगूदादानं सही केली, दात ओठ खात.
सही करताना मला त्याचा वरचा ओठ दिसला, कोरा.
अण्णांच्या ओठावर मिशीखाली एक गोल वळ होता,
तीस वर्षांच्या वरातींनी उठवलेला.
सिव्हिलमध्ये मास्क काढला तेव्हा
नर्सला वाटलं, मास्कचाच आहे.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा, मी विचारलं नाही.

विचारलं ते भलतंच :
'देवळीतला शंख?'
मामा बशीत हसले.
'शंख म्हणजे ट्रम्पेटच की गं. सगळं ओठांचं काम.
पितळेत लिही.'
पितळेत लिहिला. शंख, नग एक.
दिगूदादानं तो तळहातावर तोलला, पुन्हा तोलला.
शंखाला किलोचा भाव नसतो.
'तू ने,' म्हणाला. आणि मग, जरा वेळानं,
'अण्णा नाहीतरी पौर्णिमेलाच फुंकायचे.'

लहूनं सॅक्सोफोन चादरीत बांधला,
लहान मूल धरावं तसा स्कूटरवर पुढ्यात घेतला
आणि कोलबाडच्या उतारावर दिसेनासा झाला.

आता कळव्यात, चौथ्या मजल्यावर,
पोरं शाळेत गेली की खिडकीपाशी उभी राहते.
समोर खाडी, तिवरांत बगळे.
ओठ घट्ट मिटून फुंकते.
सहा दिवस नुसता वारा.
खालचा वॉचमन ओळीनं सगळ्या गाड्यांची चाकं दाबून बघतो,
कुणाची हवा गेली म्हणून.
ओठांना संध्याकाळपर्यंत मुंग्या.

सातव्या दिवशी आत काहीतरी हंबरलं.
बेसूर, आखूड, म्हशीसारखं.
एक बगळा उडाला.
मी आरशात जाऊन ओठ बघितला.
अजून काही नाही.