नाव बदललेले नाही

बावीस वर्षं मी घडलेलं लिहिलं.
ठाण्याच्या बाकावर बसून, एफआयआरच्या पुसट झेरॉक्सवरून.
शेजारी, नात्यातला, ओळखीचा:
हे शब्द इतक्यांदा टाइप केले
की 'शे' म्हटलं की मोबाइलच पुढचं सुचवतो.
आणि मुलीचं नाव प्रत्येक वेळी मी ठेवलं.
खाली बारीक अक्षरात: नाव बदलले आहे.
एकच नाव दोघींना जाऊ नये
म्हणून एक वही आहे माझ्याकडे.
एवढी बारशी, आणि दर वेळी मी एकटीच.

यंदा मानखुर्दला गेले, पालिकेच्या शाळेत,
जिथे काही घडलं नव्हतं.

तेजल गमरे चौथीच्या फळ्यावर शरीर काढते
आणि अवयवांना नावं देते,
भूगोलाच्या तासाला नद्यांना द्यावीत तशी.
मागच्या बाकांवर खुसखुस. ती होऊ देते.
"हसून झालं? आता पुन्हा म्हणा."
माझी आई त्या जागेला आयुष्यभर 'तिथे' म्हणाली.
मीही एकदा तिला 'तिथे' म्हणाले होते,
नऊ वर्षांची असताना.
तिला वाटलं, पडले असेन.
तिने हळद लावली गुडघ्याला.

"कोणी म्हणालं, हे आपलं गुपित,
घरी सांगायचं नाही, तर?"
एक मुलगा हात वर न करताच ओरडला,
"तर तेच पहिलं सांगायचं!"

शनिवारी पालकांची सभा. बाप दाराजवळ,
म्हणजे उठून जायला बरं.
स्कूल व्हॅनवाला उभा राहिला:
म्हणजे मॅडम, आमच्यावर संशय?
"संशय नाही दादा. काम टाकतेय तुमच्यावर."
तो बसला. पण हाताची घडी सोडली नाही त्याने,
हेही मी टिपून घेतलं.

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला:
चाळीस मिनिटांचा तास घेऊन
पोरांनीच पोरांना वाचवायचं का?
मोठे काय करणार?
तेजल काही बोलली नाही.
मला जिन्याखाली घेऊन गेली.

मुलींनी शाळेचा नकाशा काढला होता,
भीती वाटते तिथे लाल टिकली.
एकाच दारावर एकोणीस टिकल्या.
संडासाच्या दाराला दोन वर्षं कडी नव्हती.
एक आत जायची, दुसरी बाहेर दार धरून उभी.
वॉर्ड ऑफिसला सात पत्रं. आठवं लिहायच्या आधी
शिपाई तांडेल पंच्याऐंशी रुपयांची कडी घेऊन आला,
आणि चार स्क्रू. एक जरा तिरका बसलाय.

"यात घडलंय काय?" संपादकांनी विचारलं.
काही नाही.
"मग?"
मग तेच.
"बरं, आकडा तरी दे. किती वाचल्या?"
तेजलला फोन केला. ती म्हणाली,
जी वाचते ना ताई,
तिला स्वतःलाही कळत नाही ती वाचली ते.
आणि हो, मार्चनंतरचे पैसे अजून आलेले नाहीत,
हे छापाल का?

छापलं. पान पाच, पाणीकपातीच्या सूचनेखाली,
एकशे दहा शब्द.
फोटोत माणूस नाही, फक्त कडी,
त्यावरून फोटोग्राफर दोन दिवस रुसला.
शेवटचं वाक्य ऊर्वी खंडागळेचं, चौथी ब:
"आता मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागत नाही."

उपसंपादकाने सवयीने खाली ओळ टाकली होती,
नाव बदलले आहे.
मी ती खोडली.
ऊर्वी हे नाव तिच्या आत्याने ठेवलंय,
मी विचारून घेतलं होतं.
बारशाला चाळीस माणसं होती म्हणे,
पेढे कमी पडले.