ओळख पटली नाही

तार्तूत त्या वर्षी एप्रिल संपत आला तरी
नदीकाठी बर्फाच्या कळकट कडा होत्या.
माझ्या खिशात ताल्लिनच्या बँकेचं पत्र,
सही तेवढी बाकी.
वडिलांचा पगाराचा आकडा
शेजारच्या काल्येवला दोनदा सांगून झाला होता.

साल्मे उइबो बाईंना नुसतं विचारायला गेले :
बँक, की संशोधन?
त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी बदलली.
"बस. तीनशे मोज."

तीनशे परागकण.
दलदलीत दोन मीटर खोलवरून
नळीत वर आलेल्या काळ्या, ओल्या गाळातले.
पाइनचे, दोन्ही कान फुगवलेले.
बर्चचे, तीन भोकांचे.
आणि राय धान्याचा एक,
म्हणजे कुणीतरी तिथं रान जाळून पेरलं होतं.
ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही
त्याच्या भाकरीचा एवढाच पुरावा.

मान अवघडली. दोनशे त्र्याण्णववर अडले.
"हा कोणता?"
त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग कपाटातून वह्या काढल्या,
एकोणीसशे चौसष्टपासूनच्या.
प्रत्येक पानाच्या शेवटी एक रकाना :
ओळख पटली नाही.
त्यात बारीक रेघा, चार उभ्या, एक आडवी,
चौतीस वर्षं.
एकीलाही अंदाजानं नाव दिलेलं नाही.

वाटलं, आता "ये" म्हणतील.
त्यांनी पगाराची चिठ्ठी पुढे सरकवली.
"हे मिळतं. हिवाळ्यात खोली तापत नाही.
गुडघे जातात. लग्नाचं तुझं तू बघ.
आणि हा कण
मला बहुधा मरेपर्यंत कळायचा नाही."
शेवटचं वाक्य त्या
खाऊ लपवलेल्या पोरासारखं बोलल्या.

पत्र मी फाडलं नाही, गोष्टीत फाडतात तसं.
वहीत खूण म्हणून बरेच दिवस राहिलं.
वडील वर्षभर धड बोलले नाहीत,
मग एका पानगळीत
दलदलीत चालायचे फळ्यांचे जोडे
स्वतः करून दिले.
डावा जरा मोठा झाला होता.

गेल्या आठवड्यात वृद्धाश्रमात गेले.
बाईंना माझं नाव आठवेना.
माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या,
डोळा बारीक करून, न कंटाळता,
आणि विचारलं,
"तो दोनशे त्र्याण्णववा? लागला का?"
"नाही, बाई."
"बरं," म्हणाल्या. "घाई नको."